झोपेने न जाणारा शीण

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशा हे प्राचीन गाव वसले आहे. भाविक लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ साली येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष हाती आले. नदीकाठच्या अशा गावात पहाट लवकर होते. देवळातील घंटा वाजू लागतात, माणसे शेताची वाट धरतात. परंतु याच मुलखात एखाद्या घरी अकरा-बारा वर्षांचे मूल रात्रभर गाढ झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखे उठते. पाय जड, डोळे निस्तेज, चित्त कशात लागत नाही. घरची मंडळी म्हणतात, “आळशी झाला आहे.” शाळेतही तेच म्हणतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की पुढे कोणी चौकशी करीत नाही.

मुलांनो, तुमच्या वयाला नऊ तासांची तरी झोप हवी. ती न मिळाल्याने शीण आला, तर नवल नाही. पण झोप पुरी होऊनही शीण राहिला, तर त्याचे कारण अंथरुणात नव्हे, शरीरात शोधावे लागते. कोणाचा श्वास घोरताना अडतो, कोणाच्या पोटात जंत असतात, कोणाच्या आहारात लोह कमी पडते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो. ते कारण रक्तात असते.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. आपण झोपलो तरी त्यांची ये-जा थांबत नाही. निरोगी पेशी गोल, मऊ व लवचिक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून सहज पार होते, आणि सुमारे १२० दिवस जगते. काही माणसांच्या पेशी मात्र प्राणवायू सोडल्यावर ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. गवत कापण्याचा विळा तुम्ही पाहिलाच असेल. अगदी तसाच आकार! अशा पेशी अरुंद जागी अडकतात, मग हातापायांत असह्य कळा येतात. शिवाय त्या दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात. नव्या पेशी तितक्या वेगाने तयार होत नाहीत. रक्त उणे पडते, स्नायूंना प्राणवायू अपुरा मिळतो, आणि हा तुटवडा कितीही झोपले तरी भरून निघत नाही. या व्याधीस सिकलसेल म्हणतात.

१९१० साली अमेरिकेतील शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी आढळल्याचे प्रथम प्रसिद्ध केले. भारतात तिची नोंद १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत झाली. आपल्याकडे भिल्ल, पावरा आदी समाजांत ती आढळते, तशीच विदर्भातील इतर समाजांतही. ती कोणाच्या पापाचे फळ नव्हे, शिवाशिवीने पसरणारा रोगही नव्हे. उलट तिच्या मुळाशी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्यांना हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच मिळतो, त्यांना वाहक म्हणतात. वाहकांना सहसा काही त्रास होत नाही. इतकेच नव्हे, तर बालपणी जीवघेण्या हिवतापापासून त्यांचे बरेच रक्षण होते. म्हणून हिवतापाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. दोहोंकडून मिळाला, तर मात्र मूल आजारी होते.

आईबाप दोघेही वाहक असतील, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत व्याधीची शक्यता चारांत एक असते. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निर्धास्त, असा हिशेब लोक करतात. तो चूक आहे. नाणे एकदा छापा पडले, म्हणून पुढच्या वेळी काटा पडण्यास बांधलेले नसते. प्रत्येक खेप नवी.

हे सारे ओळखण्यास रक्ताचे थेंब पुरेसे होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी करतात. दोष दिसल्यास पुढील चाचणीने तो वाहक की रुग्ण, हे ठरते. या व्याधीच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे.

व्याधी साध्या औषधाने समूळ जात नाही, पण आवरता येते. डॉक्टर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात; काहींना हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात, त्याने कळा कमी होतात. अशा मुलाला पाणी वारंवार प्यावे लागते, कारण अंगातील पाणी घटले की पेशी अधिक वाकतात. त्याचे मूत्रपिंड पाणी नीट राखू शकत नाही. त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागून झोपही मोडते. सातपुड्यावरून थंड वारे उतरू लागले, की नदीत डुंबणे त्याने टाळावे आणि अंगात उबदार कपडे घालावेत. वर्गात त्याच्या बाकाजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, आणि तासाच्या मध्येच त्याने बाहेर जाण्याची परवानगी मागितली, तर ती लगेच द्यावी.