बॉल नेमका मधूनच का पडतो?

प्रश्न : कॉलेजात असताना आम्ही चौघे मित्र लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सरांची नजर चुकवून पिनबॉल खेळायचो. आता अधूनमधून एकाच्या घरी जमतो आणि त्याच्या मोठ्या टीव्हीवर नवा पिनबॉल आळीपाळीने खेळतो. हरेल त्याने मिसळ द्यायची. माझा बॉल नेमका रंगात आलो की खालच्या दोन फ्लिपरच्या मधून पडतो. तोच गेम घरी लॅपटॉपवर खेळताना इतकी वाट लागत नाही. अशी लबाडी गेममध्ये मुद्दाम घातलेली असते का? की हा सगळा नशिबाचाच खेळ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लबाडी नसते, तेव्हा मिसळीचे पैसे देऊन टाका. पण लॅपटॉप आणि टीव्हीतला जो फरक तुम्ही टिपलाय तो खरा आहे. त्याकडे येऊच.

खऱ्या पिनबॉलच्या टेबलाला सुमारे 6.5 अंशांचा उतार असतो आणि त्यावरून 27 मिलिमीटर व्यासाचा, 80 ग्रॅम वजनाचा पोलादी बॉल घरंगळतो. चांगलं सिम्युलेशन एवढंच करतं : बॉल आत्ता कुठे आहे, वेग किती, कशाला टेकला का, टेकला असेल तर कोणत्या कोनात उडेल, हा हिशेब न थकता मांडत राहतं. पाळी तुमची की तुमच्या मित्राची, याची त्या हिशेबाला खबरही नसते.

मात्र हा हिशेब सलग चालत नाही, टप्प्याटप्प्याने चालतो. समजा, बॉल सेकंदाला 3 मीटर वेगाने येतोय आणि गेम सेकंदाला 60 वेळाच त्याची जागा तपासतोय. मग दोन तपासण्यांच्या मध्ये बॉल 5 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट. मधे पातळ भिंत किंवा फ्लिपर आला तर पहिल्या तपासणीत बॉल त्याच्या अलीकडे, दुसऱ्या तपासणीत पलीकडे, आणि धडक झालीच नाही असा निकाल! म्हणून चांगले गेम एका फ्रेममध्ये अनेक छोटे टप्पे घेतात. सेकंदाला 1000 टप्पे घेतले तर बॉल एका टप्प्यात 3 मिलिमीटरच सरकतो, आणि मग त्याला भिंतीतून निसटायला जागा उरत नाही.

हे प्रकरण किती नाजूक असतं याचा किस्सा तुमच्या लॅबमधल्या पिनबॉलचाच आहे. विंडोज एक्सपीमधला तो ‘स्पेस कॅडेट’ मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हेच. सिनेमाट्रॉनिक्स या कंपनीने तो केला आणि 1995 मध्ये मॅक्सिसने ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ या गेममधलं एक टेबल म्हणून बाजारात आणला. पुढे विंडोज व्हिस्टात तो दिसेना, तेव्हा लोक हळहळले. मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी 2012 मध्ये त्यामागची हकिगत सांगितली. 64 बिटच्या विंडोजवर आणताना गेमचं धडक ओळखण्याचं गणित कुठेतरी बिघडलं. बॉल सुरुवातीच्या दट्ट्यापाशी यायचा, त्याच्यातूनच आरपार सावकाश खाली उतरायचा आणि टेबलाबाहेर पडायचा. डाव सुरू होण्याआधीच संपलेला! मूळ कोड दुसऱ्यांचा, त्यात टिपणं नाहीत, चूक सापडेना. शेवटी गेमलाच निरोप देण्यात आला. पुढे हौशी मंडळींनी त्याचा कोड उलगडून पुन्हा उभा केला, त्यामुळे आजच्या मशिनवरही तो चालतो.

आता टीव्ही. मोठे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरेच संस्कार करतात : रंग उजळणं, कडा गुळगुळीत करणं, हालचाल मऊ करणं. सिनेमा पाहताना यात घालवलेला वेळ जाणवत नाही. पण समजा 50 मिलिसेकंद उशीर झाला, तर 3 मीटर वेगाचा बॉल तेवढ्यात 15 सेंटिमीटर गेलेला असतो. फ्लिपरची लांबी असते साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पडद्यावर बॉल फ्लिपरच्या टोकाशी दिसतो तेव्हा गेमच्या लेखी तो कधीच खाली गेलेला असतो, आणि तुम्ही शिळ्या चित्रावर बटण दाबता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करा. यातले बहुतेक संस्कार बंद होतात. तुमच्या मित्राला या टीव्हीच्या उशिराची सवय झाली असणार आणि तो नकळत बटण आधी दाबत असणार, असा माझा संशय आहे.

नशिबाचं म्हणाल, तर या प्रश्नावर न्यूयॉर्कमध्ये तीसहून अधिक वर्षं घोळ चालला. पहिल्या काळातल्या मशिनांना फ्लिपर नव्हतेच. दट्ट्या ओढून बॉल सोडायचा, मशिनला थोडेफार धक्के द्यायचे आणि खिळ्यांमधून तो कुठे जातो ते बघत बसायचं. त्यामुळे तो जुगारच, असं मानून महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, 1942 साली, शहरात पिनबॉलवर बंदी आली आणि जप्त केलेली मशिनं घणाने फोडण्यात आली. फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशिनवर. तरी बंदी उठायला 1976 उजाडलं. त्या वर्षी रॉजर शार्प या लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर मशिन खेळून दाखवलं. हा बॉल वरच्या मधल्या मार्गिकेतून जाईल, असं त्याने आधी सांगितलं, दट्ट्या ओढला आणि बॉल तिथूनच गेला. कौशल्य सिद्ध झालं, बंदी उठली. गंमत अशी, की शर्थीचा तो फटका फ्लिपरचा नव्हताच.

माझ्या मते नशीब थोडं, हातोटी जास्त. वरच्या गोल बंपरवरून बॉल कसा उडेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण खाली आल्यावर त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात असतं. तुमचा बॉल मधून पडतो याचं दुसरं कारण बहुधा हे : घाबरून तुम्ही दोन्ही बटणं एकदम दाबता. दोन्ही फ्लिपर वर गेले की मधली फट आणखी रुंद होते. बॉल ज्या बाजूला येतोय तेवढंच बटण दाबा. तो फ्लिपरकडे घरंगळत येत असेल तर फ्लिपर उचलून धरा. बॉल त्याच्या कुशीत येऊन थांबतो, मग निवांत नेम धरा. आणि कधीकधी काहीच करू नका. वरून येणारा बॉल पडून असलेल्या फ्लिपरवर आपटून आपसूक दुसऱ्या फ्लिपरकडे जातो. नवख्याला हेच जमत नाही, कारण बोटं शिवशिवत असतात.

टेबलाला धक्का देणं ही लबाडी नव्हे, तो खेळाचा भाग आहे. ‘स्पेस कॅडेट’मध्ये त्यासाठी एक्स, पूर्णविराम आणि वरचा बाण या कळा होत्या. अति केलंत तर ‘टिल्ट’ होऊन फ्लिपर गळून पडतात आणि बॉल जातो.

आळीपाळीने चौघांनी खेळायची तुमची पद्धतही जुनीच आहे. गॉटलीबच्या ‘सुपर जंबो’ या 1954 च्या मशिनवर चौघांचे गुण वेगवेगळे दिसत. त्या काळच्या मशिनांना प्रत्येकाचे गुण सांभाळता येत, पण प्रत्येकाने टेबलावर काय काय साधलं ते लक्षात ठेवणं जमत नसे, म्हणून चौघांच्या मशिनचे नियम साधे ठेवत. ‘स्पेस कॅडेट’मध्येही मेनूत खेळाडूंची संख्या चारपर्यंत निवडता यायची. लॅबमध्ये सरांची चाहूल घेण्याच्या गडबडीत ते तुमच्या नजरेतून सुटलं असेल, तर आता लॅपटॉपवर टाकून चौघांनी खेळून पाहा. तिथे टीव्हीवर खापर फोडता येणार नाही.