आधी कागद, मग प्रवेश

बिबवेवाडी, पुणे

चि. भाचीस,

महाविद्यालयाच्या खर्चाचे दोन भाग पडतात : शुल्क आणि राहणे-जेवण. सरकारी मदतीचीही अशीच वाटणी आहे.

शुल्कासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. त्यापुढे फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा आधार असतो. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आतील उत्पन्नावर तिच्यातून निम्मे शिक्षण शुल्क भरले जाते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न याच मर्यादेत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा; मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. विकास शुल्क आणि इतर आकारही माफीत येत नाहीत. बिबवेवाडीतल्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या खासगी महाविद्यालयात जायचे असेल, तर शुल्काचा तक्ता ओळीओळीने वाचावा.

राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. ही मदत बाहेरगावाहून आलेल्यांची. घर पुण्यातच, अप्पर इंदिरानगरात असेल, तर ती लागू होत नाही. ग्रामीण मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहे आहेत; डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती समिती १९५५ मध्ये सुरू केली.

शहरातल्या मुलांना महापालिकेचा आधार असतो. दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद योजनेतून १५,००० आणि बारावीनंतर अण्णाभाऊ साठे योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. सर्वसाधारण अट ८० टक्के गुणांची. मागासवर्गीयांना ती शिथिल आहे.

अर्ज अडतो तो बहुधा कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि जिथे लागेल तिथे जात वैधता प्रमाणपत्र, एवढे निकालाआधीच हाती असावे. यात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावी-बारावीतच करावा. दाखल्यांवरील नावाचे स्पेलिंग एकच असावे. राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. तेव्हा खाते चालू ठेवावे.

अर्ज भरला की काम संपत नाही. महाविद्यालयाने तो तपासून पुढे पाठवावा लागतो; त्रुटी निघाली तर तो परत येतो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त न केल्यास हातचा जातो. म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टल पाहावे आणि महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात विचारणा करावी. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षाची मंजुरी आपोआप पुढे चालत नाही.

मामा