कानाचं मशीन घेण्याआधी

कानाचं मशीन घेताना आपण एक वस्तू विकत घेतो आहोत असं वाटतं. पण वस्तू हा त्यातला निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे ते मशीन आपल्या कानाला जुळवून देणाऱ्या माणसाची विद्या आणि त्याने आपल्याला दिलेला वेळ. हे आमच्या घराला ज्या रीतीने कळलं, त्या रीतीने ते दुसऱ्या कुणाला कळू नये, म्हणून लिहिते आहे.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, उभं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलं. आधी माग चालवले, मग मागांची जुळवणी-दुरुस्ती करणारे जॉबर झाले. साध्या मागांच्या शेडमध्ये धोट्याचा ठोका इतका मोठा असतो की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर खुणेने सांगावं लागतं. कानात कापसाचा बोळा, एवढंच काय ते संरक्षण. साठी उलटल्यावर टीव्हीचा आवाज वाढत गेला आणि फोन आला की आप्पा तो आईच्या हातात देऊ लागले. ‘‘आवाज येतोय गं, पण काय म्हणालीस ते कळंना,’’ हे त्यांचं रोजचं वाक्य झालं. एकदा भाजीवाला ‘साठ’ म्हणाला आणि आप्पांनी आठ रुपये मोजून पुढे केले. भाजीवाला हसला. त्यानंतर आप्पांनी मंडईत जाणंच सोडलं.

तेवढ्यात गावात ‘मोफत कान तपासणी शिबिर’ लागलं. मंगल कार्यालयाच्या एका खोलीत टेबल, त्यावर लॅपटॉप आणि साधे हेडफोन. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा खडखडाट चाललेला. पांढरा कोट घातलेल्या तरुणाने काही आवाज ऐकवले, आप्पांनी हात वर केले, काही मिनिटांत तपासणी आटोपली. कानात बॅटरी मारून कुणी डोकावलंसुद्धा नाही. ‘‘नस कमजोर झालीय. आत्ता मशीन लावलं नाही तर उरलेलं ऐकणंही जाईल, मेंदूवर परिणाम होईल. आज घेतलंत तर निम्म्या किमतीत देतो.’’ आई घाबरली. मुदत ठेव मोडून मशीन घेतलं गेलं: कानाच्या आत बसणारं, कुणाला दिसणार नाही असं, एका कानाचं.

घरी आल्यावर कुकरची शिट्टी आप्पांच्या डोक्यात जाऊ लागली, ताटली ठेवली तरी ते दचकत. स्वतःचा आवाज आत घुमे. घास चावताना मशीन शिट्टी मारे. आणि नातीचं बोलणं पूर्वीइतकंच अस्पष्ट राहिलं. जॉबरकीत जाड झालेल्या बोटांना तो एवढासा सेल धरता येत नसे. तो फरशीवर पडला की आई गुडघ्यावर बसून शोधायची. शिबिर भरवणाऱ्या दुकानात तक्रार केली तर उत्तर एकच, ‘‘सवय होईल.’’ पुढे तो तरुणही तिथून गेला आणि नव्या माणसाला आमची फाइल सापडेना. बिल पाहिलं तर त्यावर ना मॉडेलचं नाव, ना अनुक्रमांक. उलट जीएसटी मात्र लावलेला. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, हे त्या दुकानाला ठाऊक नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

शेवटी आप्पांना मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कानात पाहिलं आणि दोन्ही कानांतून मळाचे घट्ट बोळे काढले. म्हणजे शिबिरातली तपासणी मळाने बुजलेल्या कानांची झाली होती! मग त्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. तिथली तपासणी आवाजबंद खोलीत झाली. आवाज ऐकू आला की आप्पांनी बटण दाबायचं. आधी हेडफोनमधून, मग कानामागच्या हाडावर एक कंपन देणारं साधन टेकवून. या दुसऱ्या चाचणीवरून दोष पडद्यात आणि मधल्या कानात आहे की आतल्या कानात, हे कळतं. त्यानंतर ऑडिओलॉजिस्ट बाईंनी साधे शब्द उच्चारले आणि आप्पांनी ते परत म्हणून दाखवले. ऐकू येणं आणि कळणं या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या.

मग त्यांनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. खालच्या पट्टीचे आवाज आप्पांना बरे ऐकू येत होते. रेषा पुढे घसरत जाऊन ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात उतरली होती. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या कानात हा खड्डा हमखास दिसतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते माणसाला ऐकू येतात; स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. ‘साठ’मधला स गळला की ‘आठ’ उरतो. भाजीवाल्याचं कोडं तिथे सुटलं. पहिल्या मशीनने सगळेच आवाज वाढवले होते, जे आधीच नीट ऐकू येत होते तेसुद्धा. आणि वरून कान बुजवून टाकल्यामुळे आप्पांचा आवाज आत घुमत होता.

ते मशीनच पुन्हा जुळवून देता येईल का, असं मी विचारलं. ते ‘लॉक’ केलेलं निघालं; त्याची जुळवणी फक्त विकणाऱ्याच्याच दुकानात होऊ शकत होती. नवी मशीनं कानामागे बसणारी, दोन्ही कानांची, चार्जिंगवर चालणारी निवडली. कानात जाणाऱ्या टोकाला छिद्रं असलेलं मऊ टोपण, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज आपसूक आत येतात. पहिल्या दिवशी बाईंनी आवाज मुद्दाम कमी ठेवला आणि पुढच्या भेटींत टप्प्याटप्प्याने वाढवला. लॅपटॉपवर चाललेली ती जुळवणी आप्पा एकटक पाहत होते. बाहेर पडताना म्हणाले, ‘‘माग कितीबी नवा असूंदे, जॉबरनं बसवल्याबगर कापड सरळ येत न्हाई.’’

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग ऑडिओलॉजिस्ट, मग दुकान. मळ, पडद्याचं भोक, कान वाहणं यांवर उपचार असतात. ते न करता मशीन घालणं म्हणजे पैसे वाया. ऐकू एकाच कानाने कमी येत असेल, तर त्याचं कारण डॉक्टरांनी शोधल्याशिवाय मशीनचा विषयच काढू नका.

समोरचा माणूस कोण, हे विचारायला संकोच नको. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार ऑडिओलॉजिस्टची परिषदेकडे नोंदणी असावी लागते. बीएएसएलपी ही त्यांची पदवी. ‘‘आपला नोंदणी क्रमांक सांगता का?’’ एवढं विचारा. खरा ऑडिओलॉजिस्ट भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतो. विक्रेता विषय बदलतो. पांढऱ्या कोटाला कुणाची परवानगी लागत नाही.

आलेखाची प्रत मागून घ्या. तुमच्या कानाची तपासणी आहे, कागद तुमचा. देत नसतील तर उठा. तो घेऊन दुसरीकडे दर विचारता येतो, आणि म्हणूनच तो द्यायला टाळाटाळ होते.

किमतीबद्दल. दुकानात चॅनेलची, म्हणजे मशीन आवाज ज्या पट्ट्यांत विभागतं त्यांची, संख्या सांगून वरचं मॉडेल गळ्यात मारतात. जो माणूस दिवसभर घरात दोन-चार जणांशी बोलतो त्याची गरज वेगळी, आणि जो सभा, वर्ग, बाजार यांत वावरतो त्याची वेगळी. आपला दिवस कसा जातो हे न विचारता मॉडेल सुचवणाऱ्याकडून घेऊ नका. ‘दिसणार नाही’ हा गुण म्हणून विकला जातो, पण हात थरथरणाऱ्या, नजर कमी झालेल्या माणसाला कानामागचं मशीनच सोयीचं पडतं. दुकानातच ते त्यांना स्वतःला घालायला आणि काढायला लावा. शक्य असेल तर काही दिवस घरी वापरून पाहण्याची मुभा मागा. बरेच चांगले व्यावसायिक ती देतात. कानात बारीक नळीचा माइक घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी किती पोहोचतो ते मोजता येतं. ही सोय जिथे आहे तिथे जुळवणी अंदाजपंचे राहत नाही. आणि मशीन लॉक केलेलं नाही, हे बिलावर लिहून घ्या. मॉडेल, अनुक्रमांक, वॉरंटी आणि पुढच्या जुळवणीच्या भेटी मोफत आहेत का, हेही त्याच बिलावर हवं.

काही शे रुपयांत मिळणारे आवाज वाढवणारे डबे म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींच्या खात्यात ३००० रुपये जमा होतात. ते असल्या डब्यावर घालवलेले पाहिले की जीव तुटतो. परवडत नसेल त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यास केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून, आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला १९८३मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्याच्या दोषांवरच्या कामासाठीच आहे.

घाबरवण्याबद्दलही सांगायला हवं. ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध संशोधनात दिसला आहे. लॅन्सेटच्या आयोगाने २०१७पासून तो मांडला आहे. म्हणून दुर्लक्ष करू नये हे खरं. पण ‘आजच, इथेच, नाहीतर’ असं त्यातून कुठेच निघत नाही. घाई विक्रेत्याला असते.

घरी आणल्यावर मशीन थेट लग्नाच्या हॉलमध्ये घालून जाऊ नका. आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलणं, मग टीव्ही, मग रस्ता. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. घरच्यांनी ओरडू नये. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. जस्त-हवा सेलवरचा चिकटकागद काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग तो आत घालावा, आणि वापरायचा नसेल तर कागद काढूच नये, कारण हवा लागली की तो खर्ची पडू लागतो. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. कोकणात तर बाराही महिने.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मात्र तिथे बिल लागतं, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर कधीही पैसे देऊ नका.

हे सगळं हळूहळू कमी होत गेलेल्या ऐकण्याबद्दल झालं. एखाद्या कानाचं ऐकणं अचानक, रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल, सर्दी असेल म्हणून थांबू नका, कुठल्याही दुकानाची पायरी चढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता अधिक असते, आणि आठवडे उलटले की ती कमी होत जाते.