दाजींची पलटणीतली नोकरी आणि भाच्याचा फीचा फॉर्म

प्रश्न : माझी थोरली बहीण अमेरिकेत नर्स आहे. तिच्या नोकरीवर सगळ्या घराला ग्रीन कार्ड मिळालं. दाजी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तिकडे गेले. भाचा नुकताच अठराचा झाला. कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदतीचा फॉर्म भरताना त्यात माजी सैनिकाबद्दल प्रश्न आला. तिथं दाजींची नोकरी दाखवता येईल का? शिवाय भाच्याच्या नावानं ‘सक्तीच्या भरतीसाठी नाव नोंदवा’ असं कार्ड घरी आलंय. नाव नसेल तर फीची मदत मिळत नाही, असं ओळखीचे लोक सांगतात. बहीण फार घाबरली आहे. पोराला लढाईवर नेतील का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी बहिणीला फोन करा आणि सांगा, की पोराला कुणी न्यायला आलेलं नाही. ते कार्ड ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ नावाच्या खात्याचं आहे. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर एकाही तरुणाला सक्तीनं बोलावलेलं नाही. मात्र उद्या गरज पडलीच तर यादी हाताशी असावी म्हणून नावं नोंदवून घेतात. व्हिएतनाम युद्धानंतर, १९७५ मध्ये ही नोंदणीही थांबली होती. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये ती पुन्हा सुरू केली. प्रत्यक्ष भरती सुरू करायची तर अमेरिकी काँग्रेसला कायदा करावा लागेल. नाव नोंदवणं म्हणजे फौजेत दाखल होणं नव्हे.

बहिणीच्या घाबरण्याला मात्र इतिहास आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये एका काचेच्या भांड्यात निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली कुपी उघडली, तिच्यात १४ सप्टेंबर निघाला. त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांचा नंबर पहिला लागला. ही सोडत टीव्हीवर थेट दाखवली होती. ती पाहिलेली पिढी अजून तिकडे आहे, त्यामुळे या कार्डाचं नाव काढलं की तिथल्या घरांतही कुजबुज होते.

आता फीच्या मदतीचं. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते एकेकाळी अगदी खरं होतं. १९८२ मध्ये काँग्रेसनं न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेराल्ड सॉलोमन यांची दुरुस्ती मंजूर केली : ज्यानं नाव नोंदवलं नाही, त्याला शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत नाही. मिनेसोटातले काही विद्यार्थी या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८४ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी कायदा कायम राहिला. पुढे फॅफ्सा, म्हणजे तुमचा भाचा भरतो आहे तो फॉर्म, शिक्षण खात्याकडे गेला की मुलाचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या यादीशी ताडून पाहत. जुळलं नाही तर मदत अडायची. सव्विशी उलटून गेलेल्याला मग नाव नोंदवताही येत नसे. त्यानं त्या खात्याकडून स्थितिदर्शक पत्र आणायचं आणि आपण जाणूनबुजून टाळलं नाही हे कॉलेजच्या मदत-कार्यालयाला पटवून द्यायचं. कायदा फक्त मुलांना लागू, मुलींना नाही. बापाच्या खिशातून फी भरणाऱ्या मुलाला या नियमाची झळ लागतच नव्हती. ज्याला मदतीवाचून शिकता येत नाही, शिक्षा त्यालाच. माझ्या मते हा नियम पहिल्यापासूनच अन्यायाचा होता.

डिसेंबर २०२० च्या कायद्यानं तो रद्द झाला. पुढची काही वर्षं प्रश्न फॉर्मवर छापलेला राहिला, पण उत्तराचा मदतीवर परिणाम होत नव्हता. २०२३-२४ च्या फॉर्मपासून तो प्रश्नच काढून टाकला. जुनी माहिती मात्र तोंडोतोंडी फिरत राहते.

म्हणून भाच्यानं ते कार्ड फेकून द्यायचं का? मुळीच नाही, आणि हे बहिणीला नीट बजावून सांगा. अठरा ते पंचवीस वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलांना नोंदणी आजही सक्तीची आहे. अठरावा वाढदिवस झाला की तीस दिवसांत नाव घालायचं. उशीर झाला तरी सव्विसावा वाढदिवस येईपर्यंत घेतात, त्यानंतर नाही. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे. खटले आता होत नाहीत. आपल्या माणसांना खरा फटका बसतो तो नागरिकत्वाच्या वेळी. अर्जात हा प्रश्न असतो आणि नोंदणी चुकलेली असली तर अडवणूक होते, एकतीस वर्षांपर्यंत खुलासे मागतात. केंद्र सरकारच्या नोकरीतही हीच अट आहे. काही राज्यं आपल्या तिजोरीतून विद्यार्थ्यांना मदत देतात, त्यांतल्या काहींनी ही अट ठेवलेली आहे. ते राहतात त्या राज्यात काय आहे, हे भाच्याच्या कॉलेजचं मदत-कार्यालय सांगेल. एच-४, म्हणजे अवलंबितांच्या, किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना, व्हिसा वैध असेपर्यंत, हे लागू नाही. पण सव्विशीच्या आत ग्रीन कार्ड हातात आलं की तीस दिवसांची मुदत सुरू होते. बऱ्याच मराठी घरांत नेमकी इथं चूक होते.

राहिला दाजींचा प्रश्न. त्यांच्या सेवेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो : ती नोकरी या फॉर्मवर दाखवायची नाही. याची कारणं दोन. एक तर त्या रकान्यात फक्त अमेरिकी सैन्यातली सेवा धरतात. दुसरं म्हणजे प्रश्न वडिलांबद्दल नाहीच, तो विद्यार्थ्याबद्दल आहे. साधारण चोवीस वर्षांपर्यंतच्या अविवाहित विद्यार्थ्याच्या मदतीचा हिशोब आईवडिलांच्या उत्पन्नावर होतो. समजा एखादा मुलगा चार वर्षं अमेरिकी लष्करात राहून बाविसाव्या वर्षी कॉलेजला आला, तर त्याला स्वतंत्र धरतात आणि आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. त्या रकान्याचा उपयोग एवढाच. वडील अमेरिकी फौजेतून निवृत्त झालेले असते तरी भाच्याला तिथं ‘नाही’च लिहावं लागलं असतं.

‘होय’ लिहिणाऱ्याची पडताळणी होते. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर माजी सैनिक खात्याच्या नोंदींशी ताडून पाहतात. जुळलं नाही तर कॉलेज डीडी-२१४ मागतं. आपल्याकडच्या डिस्चार्ज बुकासारखाच हा त्यांचा सेवामुक्तीचा दाखला. त्याच्या एका प्रतीत सेवा कशी पार पडली याचा शेरा असतो, दुसऱ्या, आखूड प्रतीत तो नसतो. कार्यालयाला शेऱ्याचीच प्रत हवी असते. सेवामुक्ती ‘डिसऑनरेबल’ नसली म्हणजे पुरतं. आणि नुसत्या प्रशिक्षणापुरतं नॅशनल गार्ड या राखीव दलात राहिलेला मुलगा यात बसत नाही. माजी सैनिकांना शिक्षणाचे पैसे देणारा, १९४४ पासून चालत आलेला जीआय बिल हा वेगळा मामला. त्याचा अर्ज माजी सैनिक खात्याकडे करायचा असतो.

दाजींच्या सेवेचा मान आपल्याकडे आहे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे आणि त्यासाठी दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय देतं. पण ती परदेशात शिकणाऱ्यांना मिळत नाही. घरात अजून एखादं भावंड भारतात शिकायला येणार असेल, तर साताऱ्याच्या कार्यालयात अवश्य चौकशी करा.

भाच्यानं फॉर्मवर माजी सैनिकाच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहावं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आपलं नाव आहे का ते बघावं, नसेल तर लगेच घालावं. नोंदणीचं पत्र छापून ग्रीन कार्डाच्या कागदांबरोबर ठेवावं, नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते लागेल. आणि घर बदललं तर नवा पत्ता दहा दिवसांत कळवावा, तोही कायद्याचाच भाग आहे.