वाडीत कलासंग्रहालय बांधताना

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जागा घेऊन चित्र-शिल्पांचे दालन उभारू पाहणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या वास्तुरचनाकारांसाठी.

काय करावे

• आराखड्याआधी सासवण्याला जावे. पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे विनायक करमरकर (१८९१–१९६७) इथलेच. त्यांचे घर हेच आज शिल्पालय आहे. सकाळी एकदा, उन्हे कलल्यावर पुन्हा एकदा पाहावे. शिल्पाला कोणता उजेड मानवतो ते तिथे डोळ्यांना कळते.

• जागा भर पावसात पाहावी. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, झड कोणत्या भिंतीवर मारते, हे मे महिन्यात दिसत नाही.

• मांडणी कोकणी घरासारखी, बाहेरून आत करावी. दगडी शिल्पे अंगणात चालतील. कांस्यही चालेल, पण खारा थर वेळोवेळी धुऊन वर मेण चढवायला हवे. टेराकोटा पडवीत. कागद आणि कॅनव्हास मात्र माजघराच्या जागी, सगळ्यात आत. चित्रे टांगायची भिंत नैर्ऋत्येची बाहेरची भिंत कधीच नसावी, कारण ओल आली की मागून बुरशी धरते आणि चित्र उतरवेपर्यंत पत्ता लागत नाही.

• छप्पर उतरते, वळचण लांब. पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात. कौले नीट जखडावीत. ३ जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ इथे कोणी विसरलेले नाही.

• नांदगावच्या नारळबागेतले बिजॉय जैन यांचे पामायरा हाऊस (२००७) अभ्यासावे. ताडाच्या लाकडी झडपांतून तिथे वारा खेळतो. पण ते राहते घर आहे. झडपा वाऱ्याबरोबर खारी हवाही आत घेतात. पडवीला उत्तम, कागदाच्या खोलीला घातक.

• एक भिंत गावातल्या मुलांना रंगवायला द्यावी. करमरकरांनी लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवरायांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडले, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोचले.

काय टाळावे

• समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. दुपारनंतरचे ऊन रंग उडवते. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या लुइझियाना संग्रहालयाचे (१९५८) काचेचे मार्ग थंड प्रदेशात शोभतात. तिथून घ्यायचेच तर हे घ्यावे: जुना बंगला न पाडता त्यांनी त्यालाच प्रवेशद्वार केले.

• माडांच्या शेंड्यांवर डोके काढणारी इमारत. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक.

• भराव घालून ओहोळ बुजवणे. पाणी शेजाऱ्याच्या वाडीत शिरते.

• बांधकामात किनाऱ्यावरची वाळू. मीठ सळयांना गंज चढवते, गंज फुगून काँक्रीट फोडतो. शिवाय ती उपसल्याने किनारा खचतो.

• सीआरझेडची, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांतली, भरतीरेषा नंतर तपासू, ही वृत्ती.

• कोळ्यांची किनाऱ्याकडे जाणारी पायवाट अडवणारे कुंपण.

• समुद्राकडे तोंड केलेले प्रखर दिवे. दिवेआगर, हरिहरेश्वर भागात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले उजेडाकडे वळतात आणि पाण्याची दिशा चुकतात. दिवे खाली, झाकलेले, आणि विणीच्या काळात रात्री बंद ठेवावेत.