पंक फॅन्झीन जमवायची, तर खर्च किती?

१९७६च्या जुलै महिन्यात लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या मार्क पेरी या बँकेतल्या तरुण कारकुनानं टाइपरायटर आणि स्केचपेन घेऊन ‘स्निफिन ग्लू’ या पंक संगीताच्या फॅन्झीनचा, म्हणजे चाहत्यानं स्वतः काढलेल्या हौशी नियतकालिकाचा, पहिला अंक घरीच तयार केला. झेरॉक्स काढून कोपऱ्यात स्टेपल मारलेल्या जेमतेम पन्नासएक प्रती निघाल्या. साधारण वर्षभरानं त्यानं हे फॅन्झीन बंद केलं, तेव्हा प्रती हजारांनी खपत होत्या. त्यामुळे पहिला अंक आज शेकडो पौंडांच्या भाषेत बोलतो, आणि शेवटचा बारावा त्यामानानं सहज सापडतो. त्या बाराव्या अंकासोबत ‘ऑल्टर्नेटिव्ह टीव्ही’ या पेरीच्याच बँडची पातळ, लवचीक तबकडी दिली होती. ती नसेल तर अंक अपुरा समजा आणि तेवढी किंमत कमी करून मागा.

माझा सल्ला असा, की संग्रहाची सुरुवात ‘स्निफिन ग्लू’पासून करूच नका. त्याच्या अंकांची पुनर्मुद्रणं पुस्तकरूपात २००० आणि २००९ साली निघाली आहेत. वाचायला आणि अभ्यासाला ती पुरतात. मूळ प्रतीही मोठ्या संग्रहांत सुखरूप आहेत. पैसे घालायचे तर १९७९ ते १९८५च्या दरम्यान ब्रिटनच्या लहान गावांतून निघालेल्या, दोन-तीन अंकांतच संपलेल्या फॅन्झीनवर घाला. एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं आपल्या गावातल्या बँडच्या मुलाखती, चिडलेली पत्रं, कात्रणं चिकटवून केलेली चित्रं असं सगळं वीस पानांत कोंबलेलं असतं. असे अंक साधारण पाच ते वीस पौंडांत मिळतात. त्या गावच्या संगीताची दुसरी नोंद बहुधा कुठेच नसते. तुमच्या हातातली प्रत अखेरची असण्याची शक्यता इथे खरी आहे.

खरेदी ईबेवरून, ब्रिटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडून किंवा रेकॉर्ड मेळ्यांतून होते. एक पौंड १२० रुपये धरला, तर दहा पौंडांचा अंक बाराशे रुपयांना पडतो. पण एकेक अंक मागवला तर टपालखर्च अंकाच्या किमतीला गाठतो. ए-फोर आकाराचा दहा कागदांचा अंक जेमतेम पन्नास ग्रॅम भरतो, म्हणजे दहा अंकांचं पुडकं अर्ध्या किलोचंच होतं. एकाच विक्रेत्याकडून दहा अंक ठरवा, मागोवा घेता येईल अशा टपालानं एकत्र मागवा, आणि दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा घालायला सांगा. सीमाशुल्क आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार लागला तर तो वेगळा, त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

नकली प्रतींबाबत सावध राहा. झेरॉक्सवरच निघालेल्या अंकाची पुन्हा झेरॉक्स काढायला काहीच लागत नाही. जुना कागद ओळखायला काही जण जांभळा अतिनील दिवा वापरतात. इथे त्याचा भरवसा नाही, कारण कागद उजळ करणारी रसायनं १९७६च्या आधीपासूनच वापरात होती. त्यापेक्षा भिंग घ्या आणि स्टेपलच्या जागा बघा. खऱ्या स्टेपलशेजारी स्टेपलची काळी सावली छापलेली दिसली, तर ती प्रत दुसऱ्या स्टेपल मारलेल्या अंकावरून काढलेली आहे. छायाचित्रांतला राखाडी भाग नाहीसा होऊन नुसते काळे-पांढरे डाग उरले असतील, तरी संशय घ्या. इंकजेटची शाई कागदात झिरपते, झेरॉक्सची भुकटी पृष्ठभागावर बसते. हा फरक भिंगाखाली कळतो. महाग अंक घ्यायचा असेल तर विक्रेत्याकडून स्टेपलच्या जागेचा आणि मागच्या पानाचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार सोडा.

आता जतनाकडे. लोक इथेच हात आखडता घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टेशनरीच्या दुकानातली पीव्हीसीची चकचकीत पाकिटं झेरॉक्सच्या अंकांना घातक आहेत. त्यातल्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्यामुळे अक्षरं पानावरून सुटून पाकिटाला चिकटतात. पॉलिप्रोपिलिनची किंवा, परवडत असेल तर, पॉलिएस्टरची पाकिटं घ्या आणि ती आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा. दहा अंकांची पाकिटं आणि दोन चांगली खोकी यांना अडीच-तीन हजार धरा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत निघत नाही. गंजलेली स्टेपल मागून पातळ पट्टीनं उचलून सरळ करा आणि अलगद काढा. पिन काढायच्या चिमट्यानं कागद फाटतो. जुना सेलोटेप पिवळा पडला असला तरी स्वतः ओढू नका. डांबरगोळ्या खोक्यात नकोत. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळा हाच मोठा शत्रू: खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून वाळवा.

स्कॅनिंग घरीच करा. दुकानात पानाला पाच रुपये धरले, तरी शंभर अंकांच्या दोन हजार पानांना दहा हजार लागतात. शिवाय आपोआप पान ओढणाऱ्या यंत्रात जुना कागद अडकला की संपला. सपाट काचेचा साधा स्कॅनर सहा हजारांच्या आसपास मिळतो. अंक काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, कारण कागदाचा रंग, पेनानं घातलेली किंमत, दुकानाचा शिक्का हीसुद्धा माहितीच आहे. ६०० डीपीआयवर ए-फोर पानाची टिफ फाइल साधारण १०० एमबीची होते, वीस पानांचा अंक दोन जीबीचा. शंभर अंक २०० जीबीत बसतात, म्हणून एक टीबीची डिस्क पुरेशी आहे. मात्र दोन घ्या, प्रत्येकी पाच हजारांच्या घरात, आणि दुसरी डिस्क वेगळ्या घरी ठेवा.

एकूण हिशेब: दहा अंक बारा हजार, टपाल साडेतीन हजार, पाकिटं-खोकी तीन हजार, स्कॅनर सहा हजार, डिस्क दहा हजार. पहिल्या वर्षाचे साडेचौतीस हजार झाले, आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा अंकांवर गेला. ऐपत निम्मीच असेल तर अंक कमी घ्या, जतनाचा खर्च कापू नका.

फाइल इंटरनेटवर टाकण्याआधी थांबा. ब्रिटनमध्ये स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, आणि हे लेखक बहुतेक आज साठीच्या आगेमागे आहेत. त्यांना शोधून परवानगी मागा. पुष्कळ जण आनंदानं देतात, अंक कसा काढला तेही सांगतात. अंकांत पत्र लिहिणाऱ्यांचे घरचे पत्ते छापलेले असतात, सार्वजनिक प्रतीत ते झाका.

लंडनमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी वाचकांनी विकत घेण्याआधी लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशनचा झीनसंग्रह वेळ ठरवून पाहावा. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात समीक्षक जॉन सॅव्हेज यांचा पंकविषयक संग्रह आहे. मूळ अंक हातात घेतल्यावर कागदाची, शाईची जी ओळख होते, ती फोटोंवरून होत नाही.

आणि घरच्या माळ्यावर ‘असो’, ‘येरू’, ‘फक्त’ यांसारख्या साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांपैकी एखादा अंक असेल, तर वरचाच सगळा खर्च आधी त्याच्यावर करा. त्या प्रती थोड्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच रद्दीत गेल्या. इथे विकत घ्यायचा खर्च नाही, जतनाचाच आहे.

शेवटचं काम फुकटचं. प्रत्येक अंकाचं नाव, अंक क्रमांक, गाव, साल, पानांची संख्या, आकार, काय फाटलं-हरवलं आहे, कुणाकडून कितीला घेतला, हे एका तक्त्यात नोंदवा आणि छापून खोक्यात ठेवा. पुढे संग्रह एखाद्या ग्रंथालयाला द्यायचा झाला, तर पहिल्यांदा हीच यादी मागितली जाते.