सर्व्हरची ओळख राखणारे करिअर

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. भारतात ज्या शहरांत हे पैसे निघाले, त्यांत कोल्हापूरही होते. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी बँकेची खरी यंत्रणा बाजूला सारून चोरांनी तिच्या जागी स्वतःची तोतया यंत्रणा बसवली होती. ‘मंजूर’ हा निरोप खऱ्या यंत्राचा की तोतयाचा, हे कोणालाच वेळेत कळले नाही.

‘पोराला कम्प्युटरला घालायचंय, पण पुढं काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनी ही घटना नीट लक्षात घ्यावी. यंत्राने यंत्राची आणि माणसाची ओळख पटवून घेणे हे आज एक स्वतंत्र, जबाबदारीचे काम झाले आहे. त्याची माणसे लागतात आणि पुढेही लागतील.

काम नेमके काय?

ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराकडे किंवा सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीची छोटी यूएसबी किल्ली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार परवाना मिळालेल्या संस्था तिच्यातले प्रमाणपत्र देतात. माणसाला असते, तसे प्रमाणपत्र सर्व्हरलाही असते. ब्राउझर बँकेच्या साइटवर विश्वास ठेवतो, तो या प्रमाणपत्राच्या आधारावर.

आता सर्व्हर म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा डबा नसतो. एका दणकट यंत्रावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दहा-वीस स्वतंत्र सर्व्हर चालतात. व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स ही त्यासाठीची नावे. जागा आणि वीज वाचते, पण ओळखीचे प्रश्न वाढतात. तयार सर्व्हरची नक्कल काढली की त्याच्या प्रमाणपत्राशी जोडलेली गुप्त सांकेतिक किल्लीही नकलेत जाते आणि दोन सर्व्हर एकाच ओळखीने वावरू लागतात. जुना स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची पूर्वी साठवलेली स्थिती, परत आणला, तर मुदत संपलेले प्रमाणपत्रही त्याच्याबरोबर परत येऊ शकते. विंडोज नेटवर्कमध्ये सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटांहून अधिक मागे-पुढे झाले, तर योग्य पासवर्ड टाकूनही लॉगिन नाकारले जाऊ शकते. अशा वेळी कारण शोधून यंत्रणा सुरू करणारा माणूस संस्थेचा आधार असतो.

मागणी का वाढणार?

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच कारण.

वेबसाइटच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने करायचे काम आता सतत आणि आपोआप व्हावे लागेल. ती व्यवस्था बसवणे आणि तिच्यावर लक्ष ठेवणे, हेच नवे काम आहे.

कायद्याचा रेटाही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हा नियम मुंबई-पुण्याच्या कंपन्यांपुरता नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या सहकारी बँका, साखर कारखाने, दूध संघ, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने, मोठी रुग्णालये या सगळ्यांचा कारभार सर्व्हरवर आला आहे.

शिक्षणाचा मार्ग

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा कोपा हा संगणकाचा ट्रेड, बारावीनंतर शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून बीएस्सी कम्प्युटर किंवा बीसीए, नाहीतर केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, इचलकरंजीचे डीकेटीई यांसारख्या महाविद्यालयांतून अभियांत्रिकी, यांपैकी कोणतीही वाट चालेल. एआयसीटीईच्या मान्यतेच्या बीसीएला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. अर्जाची तारीख चुकवू नका.

पदवीबरोबर चार गोष्टी पक्क्या हव्यात: लिनक्स, नेटवर्किंग, थोडे पायथन किंवा शेल स्क्रिप्टिंग आणि सांकेतिक लिपीशास्त्राची तोंडओळख. स्वयम आणि एनपीटीईएलवर यांतले बरेच मोफत शिकता येते. पाया झाल्यावर रेड हॅटची आरएचसीएसए किंवा सिस्कोची सीसीएनए परीक्षा द्यावी.

आणि घरीच प्रयोगशाळा उभारा. १६ जीबी रॅमचा जुना संगणक पुरतो, प्रॉक्समॉक्स मोफत मिळते. त्यावर तीन सर्व्हर तयार करा, ओपनएसएसएल वापरून स्वतःची प्रमाणपत्रे काढा, एकाची मुदत मुद्दाम संपू द्या. काय बंद पडले, एरर काय आली, दुरुस्ती कशी केली, हे तारीखवार वहीत लिहा. मुलाखतीत ही वही कोणत्याही क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

पालकांच्या मनातले प्रश्न

नोकरी कोल्हापुरात मिळेल का? काही जणांना मिळेल. संगणकांच्या वार्षिक देखभालीचे कंत्राट (एएमसी) घेणाऱ्या इथल्या फर्ममध्ये सुरुवात करता येते. पण मोठी संधी बहुधा पुण्यात असेल, याची मानसिक तयारी ठेवा. पहिले पद सपोर्ट इंजिनिअरचे असू शकते आणि रात्रपाळीही करावी लागते. त्याला कमीपणा मानू नका. याच दोन-तीन वर्षांत हात बसतो.

एआयमुळे हे काम जाईल का? नेहमीचे नूतनीकरण यंत्रे करतीलच. कोणाला प्रवेश द्यायचा, किल्ली कोणाच्या ताब्यात ठेवायची आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

सहा महिन्यांत एथिकल हॅकर आणि नोकरीची हमी, अशा जाहिरातींपासून सावध राहा. फी भरण्याआधी तिथे प्रत्यक्ष लॅब पाहा आणि मागच्या बॅचच्या मुलांशी बोला.

या क्षेत्रात मुलांचे गुण पाहताना टक्क्यांइतकेच स्वभावाकडेही पाहा. नोंद ठेवण्याची सवय, सोपवलेले काम कोणी पाहत नसतानाही पूर्ण करण्याची वृत्ती आणि दुसऱ्याच्या गुप्त माहितीला हात न लावण्याचा प्रामाणिकपणा ज्याच्याकडे आहे, त्याला इथे मान आहे. अशा मुलाला किंवा मुलीला क्लासची भारी फी भरण्याऐवजी एक जुना संगणक आणि सहा महिन्यांची मोकळीक द्या. आवड खरी आहे का, ते तेवढ्यात कळेल.